जयंत नारळीकरांच्या विज्ञान-कादंबऱ्या : वाचनाचा क्रम आणि मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना :

डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांचे २० मे २०२५ रोजी पुण्यात निधन झाले. त्यानंतर वृत्तपत्रांतून व शोकसभांतून त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. त्यात विश्वरचनाशास्त्रज्ञ नारळीकर होते, ‘आयुका’चे संस्थापक-संचालक होते, फलज्योतिषाला संख्याशास्त्रीय कसोटी लावणारे विवेकवादी होते. कादंबरीकार नारळीकर बहुधा एका वाक्यापुरते आले आणि तेही ‘विज्ञान सोपे करून सांगणारे लेखक’ अशा ठराविक विशेषणाच्या आधाराने. ज्यांच्या अध्यक्षतेखाली २०२१ च्या डिसेंबरात नाशिकला चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले (प्रकृतीच्या कारणाने ते स्वतः तेथे उपस्थित राहू शकले नाहीत), त्या लेखकाच्या कादंबऱ्यांचे स्वतंत्र वाङ्मयीन मूल्यमापन मराठी समीक्षेने कितपत केले, हा प्रश्न त्यामुळे नव्याने पुढे येतो.

हा प्रश्न केवळ समीक्षकांचा नाही. धायरी, नऱ्हे, वडगाव या पट्ट्यातील महाविद्यालयांत अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, वाणिज्य शिकणारे विद्यार्थी बहुसंख्येने आहेत. मराठी हा त्यांचा विषय बहुधा दहावी-बारावीला सुटलेला असतो. यांपैकी एखाद्याने ग्रंथालयात येऊन ‘नारळीकरांचे कोणते पुस्तक आधी वाचू?’ असे विचारले, तर प्राध्यापकाने काय सांगावे? चाहत्यांकडे याचे उत्तर तयार असते : ‘यक्षांची देणगी’पासून सुरुवात करावी, प्रकाशनवर्षाच्या क्रमाने पुढे जावे आणि प्रत्येक पुस्तकातील विज्ञान समजून घ्यावे. या उत्तरात प्रेम आहे, परंतु त्यामुळे कादंबरी ही पाठ्यपुस्तकाची पुरवणी होते. कृष्णविवर समजले की ‘कृष्णविवर’ ही कथा संपते, असा ग्रह होतो. प्रस्तुत लेखात नारळीकरांच्या कथा-कादंबऱ्यांच्या वाचनाचा एक वेगळा क्रम सुचविला असून त्या अनुषंगाने त्यांच्या कादंबरीलेखनाचे बल आणि मर्यादा तपासल्या आहेत.

लेखकाचा उदय :

नारळीकरांच्या पूर्वी मराठीत विज्ञानकथा नव्हती असे म्हणणे चुकीचे ठरेल. विसाव्या शतकाच्या आरंभापासून तिच्या तुरळक खुणा सापडतात. भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्नला मराठी मुलांच्या घरात आणले. तरीही १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ ही कथा पहिली आली, तेव्हा काहीतरी निराळे घडले हे खरे. स्पर्धेसाठी कथा पाठविणाऱ्याचे नाव होते नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलट्या क्रमाने वाचली की खरे नाव उलगडते. हा किस्सा चाहत्यांच्या आवडीचा आहे. त्यातील खोडकरपणापेक्षा त्यामागची भूमिका मात्र अधिक लक्षात घेण्याजोगी आहे. तोवर पद्मभूषण झालेल्या, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक असलेल्या या वैज्ञानिकाला आपली कथा नावावर नव्हे, गुणांवर तोलली जावी असे वाटले. पुढच्या पन्नास वर्षांत त्यांची ही इच्छा फारशी कोणी पाळली नाही.

आरंभ कोठून करावा? :

नव्या वाचकाने आरंभ कादंबरीने करू नये, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेने करावा. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत पुण्यात एका ट्रकच्या अपघातानंतर अशा जगात जाऊन पोहोचतात, जेथे १७६१ चे पानिपत मराठ्यांनी जिंकलेले आहे. त्या जगातून ते रेल्वेने मुंबईला जातात. तेथे ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. इतिहास कोठे वळला हे शोधण्यासाठी ते टाउन हॉलच्या ग्रंथालयात बसून पुस्तके चाळतात, आणि त्यांतला शेवटचा खंड त्यांनी स्वतःच लिहिलेला निघतो. विश्वासरावांच्या कानाजवळून गोळी निसटून गेली, एवढाच तो फरक.

कथेचे वैज्ञानिक समर्थन शेवटी येते. आपत्तीचा सिद्धांत आणि पुंजयामिकीतील अनिश्चितता यांचा आधार घेऊन गंगाधरपंतांचा मित्र त्यांना सारे समजावून सांगतो. चाहत्यांच्या मार्गदर्शिकेत हा भाग अधोरेखित होईल. कथेतील उत्तम प्रसंग त्याच्या अगोदरचा आहे. आझाद मैदानावरील सभेत व्यासपीठावरची अध्यक्षांची खुर्ची रिकामी दिसते. अध्यक्षस्थान भूषविण्याची सवय हाडीमाशी मुरलेले गंगाधरपंत जाऊन तिच्यावर बसतात आणि भाषण करू लागतात. त्या जगातील श्रोत्यांनी अध्यक्ष व आभारप्रदर्शन या गोष्टींना केव्हाच रजा दिलेली असते. अंडी, टोमॅटो यांचा वर्षाव होतो आणि प्राध्यापक गर्दीत दिसेनासे होतात. ज्या कोणी महाराष्ट्रात चार सभा ऐकल्या असतील, त्याला या विनोदाची जात ओळखू येईल. विज्ञान येथे निमित्त आहे. खरा विषय आहे तो मराठी बुद्धिजीवी माणसाचे इतिहासाशी असलेले हळवे नाते आणि त्याची व्यासपीठाची हौस.

ही कथा एन.सी.ई.आर.टी.च्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात संक्षिप्त रूपात समाविष्ट झाली. त्यामुळे केंद्रीय मंडळाच्या शाळांतून आलेल्या मराठी विद्यार्थ्याने ती प्रथम इंग्रजीत वाचलेली असण्याचा संभव आहे. पानिपताची जखम ज्या भाषेत आहे, त्या भाषेतच ती त्याच्यापर्यंत पोहोचू नये, ही गोष्ट मराठीच्या प्राध्यापकाने तरी विचारात घ्यावी.

दुसरी वाचावी ती ‘धूमकेतू’. हौशी आकाशनिरीक्षक दत्तबाबूंनी शोधलेला धूमकेतू पृथ्वीवर आदळणार असे गणिताने दिसते. केंब्रिजला वैज्ञानिकांची गुप्त बैठक होते आणि अण्वस्त्राच्या साहाय्याने धूमकेतूचा मार्ग बदलण्याचे ठरते. इकडे दत्तबाबूंच्या घरी त्यांची पत्नी अरिष्टनिवारणासाठी यज्ञ मांडते. संकट टळते. कोणामुळे टळले? वैज्ञानिकाला उत्तर ठाऊक आहे, पण घरात ते सिद्ध करून दाखविण्याचा मार्ग त्याच्याजवळ नाही, कारण त्याच्या हाती असलेली माहिती गुप्त आहे. विवेकवादी लेखकाने येथे अंधश्रद्धेवर सोपा विजय मिळविलेला नाही. ज्ञान गुप्त राखले की त्याचे श्रेय यज्ञाला जाते, असा हा पेच आहे आणि तो कथेत मोकळाच राहतो.

गुरू आणि शिष्य :

या दोन कथांनंतर कादंबऱ्यांकडे वळताना मध्ये एक इंग्रजी पुस्तक वाचणे इष्ट ठरेल. ते म्हणजे फ्रेड हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही १९५७ सालची कादंबरी. त्याच वर्षी नारळीकर बनारसहून केंब्रिजला गेले आणि पुढे १९६० पासून हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी संशोधन केले. १९६४ चा हॉइल-नारळीकर गुरुत्वाकर्षण सिद्धांत सर्वश्रुत आहे. या गुरु-शिष्यांचा साहित्यिक ऋणानुबंध मात्र तितकासा तपासला गेलेला नाही.

हॉइल यांच्या कादंबरीत सूर्यमालेत शिरलेला वायूचा महाकाय मेघ सजीव व बुद्धिमान असल्याचे उघडकीस येते. कादंबरीतील संघर्ष मात्र मेघ आणि मानव यांच्यात नसून वैज्ञानिक आणि राज्यकर्ते यांच्यात आहे. नायक किंग्जली राजकारण्यांना उघडपणे तुच्छ लेखतो. राजकारणीही मेघावर हायड्रोजन बॉम्बची अग्निबाणे सोडून आपली लायकी सिद्ध करतात. कथानकाची ही घडण नारळीकरांनी उचलली, त्यातील तुच्छता उचलली नाही. त्यांच्या वैज्ञानिकाला सचिवालयाच्या पायऱ्या चढाव्या लागतात, समितीपुढे टिपण ठेवावे लागते, अनुदानाची वाट पाहावी लागते. तो चिडतो, पण उर्मट होत नाही. एका नवस्वतंत्र देशात संस्था उभारणाऱ्या माणसाला हे वर्तन आतून माहीत होते. १९८८ साली स्थापन झालेली ‘आयुका’ ही विद्यापीठ अनुदान आयोगाच्या चौकटीत उभी राहिली. कागद कोणत्या टेबलावरून कोणत्या टेबलावर जातो, याचे ज्ञान तिच्या संचालकाला असणारच.

नारळीकरांच्या कादंबऱ्यांतील बैठका, दूरध्वनी आणि शिष्टमंडळे यांचा काही वाचकांना कंटाळा येतो. या मंडळींना अवकाशयान हवे असते आणि पुढ्यात येते ते इतिवृत्त. तथापि ज्ञानाचे रूपांतर सत्तेत कसे होते, हे पाहायचे असेल तर ते इतिवृत्तातच पाहावे लागते. भाऊ पाध्ये किंवा भालचंद्र नेमाडे यांनी शहराचे, महाविद्यालयाचे अंतरंग दाखविले. प्रयोगशाळा, वेधशाळा व मंत्रालय यांना जोडणारा जिना मराठी कादंबरीत प्रथम नारळीकरांनीच आणला, असे म्हणण्यास जागा आहे.

‘वामन परत न आला’ :

‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’, ‘व्हायरस’ आणि ‘अभयारण्य’ या कादंबऱ्यांपैकी एकच निवडायची झाल्यास ती ‘वामन परत न आला’ हीच होय. ऐंशीच्या दशकातील ही कादंबरी पुढे इंग्रजीत आली. २०१५ मध्ये स्प्रिंगर या प्रकाशनसंस्थेने विज्ञान-कादंबऱ्यांच्या मालिकेत तिचे इंग्रजी रूप पुन्हा प्रसिद्ध केले.

कथासूत्र थोडक्यात असे : एका भौतिकी प्रयोगासाठी दक्षिण भारतात खोल खोदकाम चालू असताना जमिनीच्या पोटात एक पेटी सापडते. ती फार पूर्वी नष्ट झालेल्या, आजच्या मानवाहून प्रगत अशा संस्कृतीने मागे ठेवलेली आहे. भौतिकशास्त्रज्ञ, पुरातत्त्वज्ञ आणि संगणकतज्ज्ञ मिळून तिच्यातील माहितीचा अर्थ लावतात. त्या माहितीत एक विलक्षण बुद्धिमान यंत्रमानव घडविण्याची कृती असते. तो घडविला जातो. त्याला वामन हे नाव मिळते. ती प्राचीन संस्कृती लयाला का गेली, हे कोडे उलगडण्याच्या आधी यंत्रमानव घडविण्याची घाई होते, हा या कादंबरीचा गाभा आहे.

येथेही हॉइल यांची छाया आहे. जॉन एलियट यांच्यासह त्यांनी १९६१ मध्ये बी.बी.सी.साठी लिहिलेल्या ‘ए फॉर अँड्रोमिडा’ या मालिकेत दूरच्या तारकासमूहातून आलेल्या संदेशात एक यंत्र बांधण्याची कृती असते आणि ते यंत्र पुढे माणसांवर उलटू पाहते. साम्य उघड आहे. त्यामुळेच भेद अधिक बोलका ठरतो. हॉइल यांचा संदेश आकाशातून येतो. नारळीकरांची पेटी पायाखालच्या मातीतून निघते. एका खगोलशास्त्रज्ञाने आकाश सोडून जमीन खणावी, यात योगायोग नाही. ‘आमच्या पूर्वजांकडे सारे ज्ञान होते’ हा भारतीय मनाचा जुना दिलासा आहे. नारळीकरांनी निबंधांतून व भाषणांतून या दिलाशाचा पुरावा मागितला. कादंबरीत त्यांनी त्याहून धाडसाची गोष्ट केली : तो दिलासा घटकाभर खरा मानला. मानले की होती एक अतिप्रगत प्राचीन संस्कृती. मग ती गेली कोठे? जिच्या ज्ञानाने तिचा स्वतःचाच घात केला, तिचा वारसा डोळे मिटून घ्यावा काय? पूर्वजांच्या थोरवीचा अभिमान बाळगणाऱ्याला खोटे न पाडता अडचणीत आणणारा हा प्रश्न आहे.

याला पूरक असा एक संदर्भ त्यांच्या संशोधनातही सापडतो. १०५४ साली चिनी ज्योतिर्विदांनी नोंदविलेला अधिनव तारा भारतीयांनीही पाहिला असेल, तर त्याची नोंद कोठे असावी, याचा शोध त्यांनी संस्कृतच्या अभ्यासक सरोजा भाटे यांच्यासह जुन्या ग्रंथांतून घेतला होता. भूतकाळाविषयी त्यांना तुच्छता नव्हती. त्यांना नोंद हवी होती. कादंबरीतील पेटी ही अशा इच्छित नोंदीचेच भयकारी रूप आहे.

आता नावाकडे पाहावे. पुराणातला वामन बटूच्या रूपाने येतो, तीन पावले जमीन मागतो आणि दात्याला पाताळात घालतो. मागणी लहान, पाऊल प्रचंड. यंत्रमानवाला हे नाव देण्यात लेखकाची सूचकता सर्वांच्या ध्यानात येते. मराठी वाचकाच्या मनात मात्र या कथेला आणखी एक पदर आहे. महाराष्ट्रात दिवाळीच्या पाडव्याला बळीचे राज्य यावे अशी इच्छा घरोघरी व्यक्त होते. जोतीराव फुल्यांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त बळीला रयतेचा राजा मानले आणि वामनाला आक्रमकाच्या रांगेत बसविले. या भूमीत वामन हा निःसंशय पूज्य अवतार नाही. म्हणून ‘वामन परत न आला’ या नकारार्थी वाक्यात मराठी कानाला सुटकेचा जो निःश्वास ऐकू येतो, तो ‘द रिटर्न ऑफ वामन’ या इंग्रजी शीर्षकातून हरवतो. इंग्रजीत वामन परत आला, मराठीत तो आला नाही! लेखकाने हेतुतः असे केले की प्रकाशनाच्या सोयीने झाले, हा मुद्दा गौण आहे. मूळ मराठीच का वाचावी, याचे एवढे एक कारणही पुरेसे आहे.

२०२२ च्या अखेरीस संवाद साधणाऱ्या संगणकप्रणाली सर्वसामान्यांच्या हाती आल्यापासून या कादंबरीला ‘भविष्यवेधी’ म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा. नारळीकरांनी यंत्राचे जे चित्र काढले ते ऐंशीच्या दशकातले आहे. आजच्या प्रणाली धातूच्या बटूसारख्या चालत-बोलत नाहीत. कालबाह्य झाले नाही ते कादंबरीतील माणसांचे वागणे. प्रत्येक तज्ज्ञाला आपल्या शाखेपुरते दिसते. धोक्याची शंका ज्याला येते त्याच्या हाती निर्णय नसतो आणि ज्याच्या हाती निर्णय असतो त्याला प्रतिस्पर्धी पुढे जाईल याची धास्ती असते. संगणक विभागातील शिक्षकाने ही कादंबरी वर्गात घेतली तर चर्चा येथून सुरू करता येईल.

उरलेल्या कादंबऱ्यांविषयी थोडक्यात. ‘प्रेषित’मध्ये परग्रहाहून आलेले मूल माणसांत वाढते. आपण कोणाचे, या प्रश्नाला तेथे भावनेची जी धार येते ती नारळीकरांच्या अन्य लेखनात क्वचित आढळते, म्हणून ‘वामन’नंतर ती वाचावी. ‘व्हायरस’ नव्वदच्या दशकातली आहे. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेटसेवा सुरू झाली ती ऑगस्ट १९९५ मध्ये, हे लक्षात घेतले म्हणजे संगणकांच्या आजारावर मराठीत कादंबरी लिहिण्याचे नावीन्य कळते. मात्र ते नावीन्य ओसरल्यावर कादंबरीत धरून ठेवणारे फारसे उरत नाही. ‘अभयारण्य’ चाहत्यांनी जरूर वाचावी. इतरांनी ती सवडीवर टाकली तरी हानी नाही.

दोषांची चर्चा :

नारळीकरांविषयी लिहिताना दोष दाखविणे अनेकांना अप्रशस्त वाटते. त्यातून लेखकाची हानीच होते. त्यांची पात्रे बहुधा एकाच तऱ्हेने बोलतात. संकल्पना समजावून सांगण्यासाठी एक अजाण श्रोता उभा केला जातो आणि तो नेमका हवा तोच प्रश्न विचारतो. निसर्ग, घर, शरीर यांची वर्णने अल्प आहेत. धायरीचा डोंगर उतार किंवा सिंहगडावरचे ढग त्यांच्या गद्यात कधी रेंगाळणार नाहीत. स्त्रीपात्रे पुष्कळदा कथानकाच्या कडेला उभी असतात. ज्यांच्या घरात मंगला नारळीकरांसारखी गणितज्ञ होती, त्या लेखकाने एखादी पूर्ण उंचीची स्त्री-वैज्ञानिक नायिका उभी करू नये, याचे नवल वाटते. ‘पुत्रवती’त मुलगाच हवा या हव्यासाचे सामाजिक परिणाम त्यांनी धीटपणे मांडले आहेत, पण तेथेही स्त्री ही व्यक्तीपेक्षा समस्येच्या रूपानेच अधिक दिसते.

या दोषांचा उगम त्यांच्या भूमिकेत आहे. विज्ञानकथेतील विज्ञान काढून घेतले तर कथा कोसळली पाहिजे, असे मानणारा हा लेखक आहे. ही कसोटी कथेला मानवते. दहा-पंधरा पानांत एक कल्पना, एक कलाटणी आणि एक मिश्कील शेवट एवढ्यावर कथा उभी राहते. ‘उजव्या सोंडेचा गणपती’ हे त्याचे नमुनेदार उदाहरण. कादंबरीला अधिक काही लागते. दीडशे-दोनशे पाने वाचकाला सोबत करण्यासाठी कल्पनेच्या जोडीला माणसे लागतात. म्हणून नारळीकर कथाकार म्हणून श्रेष्ठ आणि कादंबरीकार म्हणून असमान आहेत, हे मत नोंदविणे भाग आहे. ‘वामन परत न आला’ याला अपवाद ठरते, कारण तेथे पुराणकथेने पात्रांची उणीव भरून काढली. वामन आणि बळी यांना व्यक्तिचित्रणाची गरज नसते. वाचक त्यांना लहानपणापासून ओळखतो.

वाचनक्रमातील शेवटचे पुस्तक :

चाहते हमखास प्रथम सुचवितात ते पुस्तक वस्तुतः शेवटी ठेवावे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे या चार नगरांचा तो प्रवास अत्यंत वाचनीय आहे. परंतु ते आधी वाचले म्हणजे प्रत्येक कादंबरीतील वैज्ञानिक हा नारळीकर, प्रत्येक गुरू हा हॉइल आणि प्रत्येक संस्था ही ‘आयुका’ वाटू लागते, आणि कादंबरी चरित्राची तळटीप होऊन बसते. १९७४ साली जगताप या नावाने कथा पाठविणाऱ्या लेखकाला हेच टाळायचे होते. विद्यार्थ्याने आधी गंगाधरपंतांबरोबर मुंबईला जावे, दत्तबाबूंच्या घरातील यज्ञाचा धूर सोसावा, पेटी उघडावी की नाही यावर स्वतःचे मत बनवावे. लेखक कोण होता, ही चौकशी त्यानंतर करावी. ग्रंथपालांनीही या कादंबऱ्या खगोलशास्त्राच्या कपाटातून काढून मराठी कादंबऱ्यांच्या फळीवर, नेमाडे यांच्या अगोदर, वर्णक्रमाने जिथे येतील तिथे लावाव्यात.